नेमगावच्या मंदिरातला लसूण

१

अनेकांतदादा सापडले तेव्हा खोलीत लसणाचा वास भरला होता.

पर्युषण पर्व चालू, खोली जैन मंदिराच्या माडीवरची, आणि जमिनीवर पडलेला माणूस असा, ज्यानं जन्मात लसूण जिभेला लावला नाही. आरतीची वेळ झाली तरी पंडितजी खाली येईनात, म्हणून मंदिराचे पुजारी पारस उपाध्ये त्यांना बोलवायला वर गेले. दार ढकललं तर दिवा चालू, खिडक्या बंद, ताडपत्राचा ग्रंथ पाटावर उघडाच, आणि दादा कुशीवर पडून ओकत होते. डोळे उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. लोकांनी उचलून गाडीत घातलं आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले, विषबाधा आहे. कशाची, ते सांगता येत नाही.

नेमगावच्या लोकांना मात्र सांगता येत होतं. खोली झाडणारी मीनाबाई डब्यात लसणाची चटणी आणते. पंडितजींच्या पिण्याच्या पाण्याचा तांब्याही तीच घासते. झालं, निकाल लागला.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गुरुकुलाच्या ओसरीत कळलं.

आमचं गुरुकुल कोल्हापुरात. भादव्यात पर्व आलं की ते ओस पडतं. एरवी वर्गात शास्त्र शिकवणारे आमचे प्राध्यापक त्या दिवसांत गावोगाव जातात. कुणी मुरगूडला, कुणी गारगोटीला, कुणी हुपरीकडं. अनेकांतदादा त्यांतलेच, यंदा नेमगावला गेलेले. दुपारी सूत्रवाचन, आरतीनंतर प्रवचन, आणि मधल्या वेळात त्या त्या मंदिरातले जुने ग्रंथ काढायचे, पुसायचे, वाचून कशाचे आहेत ते ठरवायचे. विद्यार्थ्यांनी ऐकलं आणि गावानं ऐकलं नाही, तर ते शिकवणं अर्धंच, असं प्राचार्य म्हणतात. मला हे दिवस फार प्रिय. प्रवचन चांगलंच असतं, पण कीर्तनाची गोष्ट निराळी. शब्दाला सूर लागला की तो कानापाशी थांबत नाही, खाली उतरतो. म्हणून मी अंजनाअक्कांच्या साथीला पेटी वाजवते. अक्का गुरुकुलात न्यायशास्त्र शिकवतात, म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचं अनुमान कसं करावं ते. आणि पर्वात कीर्तन करतात.

"पर्व अर्ध्यात सोडता येत न्हाय," प्राचार्य अक्कांना म्हणाले. "अनेकांतच्या जागी तुम्ही जावा."

"राहायचं कुठं?"

"त्याच खोलीत. तिथं दुसरी जागाच न्हाय."

मी अक्कांकडं बघितलं. त्या 'विचार करते' म्हणतील, असं वाटलं होतं. त्यांनी पिशवी भरायला घेतली होती.

२

नेमगाव हुपरीच्या अलीकडं. घरोघरी चांदीचे पैंजण घडतात, एरवी गल्लीत शिरलं की ठोकाठोक ऐकू येते. पर्वात ती बंद असते. त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं आणि सगळ्या गल्लीत चिडीचूप. 

मंदिराच्या फाटकाच्या पायरीवर एक बाई गुडघ्यांत मान घालून बसली होती. शेजारी खुर्ची टाकून एक हवालदार.

"आत जावा पावणं. हिच्याशी बोलायचं न्हाय," हवालदार म्हणाले. त्यांचं नाव हंबीरराव.

"का हो?" अक्कांनी विचारलं.

"दवाखान्यानं पोलिसांत कळवलंय. आज कीर्तन झालं की मंदिराचे पंच जबाब देणार. जबाबात हिचं नाव आलं की हिला न्यायची."

"आणि नाव न्हाय आलं तर?"

"मग मी घरी जाऊन चहा पिणार. हितं सकाळपासनं कुणी कपभर दिला न्हाय. समद्यांचे उपास."

अक्का सरळ त्या बाईशेजारी पायरीवर टेकल्या. हंबीररावांनी तोंड उघडलं, पण कीर्तनकार बाईंना कसं उठवायचं ते त्यांना सुचलं नाही.

"मीनाबाई, मी अंजना. काय झालं ते मला सांगा."

"किती जणांस्नी सांगू? तोंड दुखलं माझं." मीनाबाईंनी मान वर केली. डोळे सुजले होते, आवाज मात्र ठणठणीत. "चटणी माझी हाय, न्हाय कुठं म्हणतोय मी? पर मी फाटकाबाहेर बसून खातो. डबा आत कवाच नेला न्हाय. इतकी वर्सं झाडतोय हितं, मला कळत न्हाय व्हय?"

"आणि तांब्या?"

"त्येच तर. पारसदादा म्हणत्यात, तांब्या काळा पडलाय, तू त्याला काय लावलंस. अक्का, सकाळी मी त्यो चिंचेनं घासून ठिवलाता. आरशागत. सांजच्याला काळा कसा झाला ते मला काय इचारता? त्या तांब्यालाच इचारा."

हंबीरराव हसले. मीनाबाई हसल्या नाहीत.

"माझी अक्षता गारगोटीला नर्सिंग शिकतीया," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आईनं माणसाला इख घातलं, असं एकदा छापून आलं की तिला कोण दवाखान्यात ठिवून घेईल? मला न्या हो कुठं न्यायचं तिथं. पर तिचं काय?"

अक्कांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कीर्तन संपेपर्यंत इथंच बसा. कुठं जाऊ नका."

"जाऊ कुठं? ह्यो उठू देतोय व्हय?"

ओसरीवर महावीरअण्णा चौगुले आमची वाट बघत उभे होते. मंदिराचे अध्यक्ष, चांदीचे व्यापारी, गावातला सर्वांत कडक व्रती माणूस. पर्वाचे सगळे दिवस त्यांचा निर्जळी नव्हे, पण निराहार उपास असतो, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. पर्व संपलं की गाव त्यांची वाजतगाजत मिरवणूक काढतं. वर माडीवर असलेले ग्रंथ त्यांच्याच आजोबांनी मंदिराला दिलेले. अण्णांचे ओठ कोरडे पडले होते आणि ते खांबाला धरून उभे होते.

"जय जिनेंद्र. तुम्ही आमच्या घरी राहा, अक्का. सूनबाई समदं बघंल. त्या खोलीत नको."

"दादांचं ग्रंथांचं काम पुढं न्यायचंय, अण्णा. तीच खोली बरी."

अण्णांनी वर माडीकडं बघितलं. मग म्हणाले, "मग एक करा. खिडक्या उघड्या ठेवा. दिवा लावला तरी उघड्याच ठेवा."

"बरं," अक्का म्हणाल्या.

अण्णा भिंतीला हात लावत लावत निघून गेले. किती काळजी या माणसाला, असं माझ्या मनात आलं. अक्का मात्र त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघतच राहिल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

३

खोलीची किल्ली पारस उपाध्यांच्या कमरेला होती. तिशीतला माणूस, बोलणं फटकळ.

"तुमचं आणि दादांचं वाजलं होतं म्हणे?" अक्कांनी विचारलं.

"वाजलं की. खोटं कशाला सांगू? ग्रंथांना कीड लागलीया, ते कोल्हापूरला न्यायचं म्हणत होते. म्या म्हटलं, गावाचे ग्रंथ गावात राहतील. दोघंबी वरडलो. मग दोघांनी मिळून दुपारची आरती केली. माणसाला मारायला एवढं पुरतंय व्हय?"

"आणि अण्णा काय म्हणाले?"

"काय न्हाय. आजोबांच्या ताडपत्राची चाळण झालेली बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या."

"किल्ली कालपासून तुमच्याकडंच?"

"पंडितजींना गाडीत घातलं, खोली धुतली, धूप घातला आणि कुलूप लावलं. अण्णा सकाळपासनं मागायलेत, ग्रंथ घरी नेऊन ठेवतो म्हणून. म्या म्हटलं, पोलीस सांगूस्तवर कुणालाच न्हाय. तुम्हांलाबी दिली नसती, पर राहणार कुठं तुम्ही?" त्यांनी कपाळ चोळलं. "माझंबी डोकं काल रातभर ठणकत होतं. त्या वासानं."

"ग्रंथांच्या पेटीला हात कोण कोण लावतं?"

"अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यात, म्या, अण्णा आणि आलेले पंडित. बास. मीनाबाई तर पेटीजवळचं झाडतसुदिक न्हाय, तिथलं मीच पुसतो."

"खिडक्या बंद का होत्या हो?"

पारसनी अक्कांकडं असं बघितलं, जणू त्यांनी णमोकार मंत्र म्हणजे काय असं विचारलं होतं. "भादव्याचे दिवस. दिवा लावला की पाखरं येत्यात, दिव्यावर आपटून मरत्यात. खिडकी लावूनच दिवा लावायचा. ह्या गावात कुणाची खिडकी उघडी दिसली तर अण्णा रस्त्यातनं वरडत्यात. पंडितजींनी तर पहिल्या दिवशीच सांगितलंतं, खिडक्यांच्या फटींत कापड घाला म्हणून."

सूर्य मावळायच्या आत जेवायचं होतं. अण्णांची सून दीपा ताट घेऊन आली. काल दादाही तिच्याच हातचं जेवले होते, पंगतीत, सगळ्यांच्या बरोबर. 

"मला भ्या वाटतंय अक्का. उद्या म्हणतील, दीपानं काय घातलं."

"सगळे तेच जेवले. तुझं नाव कोण घेणार नाही. घरी कसं आहे? अण्णा?"

"झोपले न्हाईत मामंजी. सकाळी आमचा वाटेकरी कृष्णात आलता, धान्याच्या कोठारातलं कायतरी सांगायला. तवापासनं कुणाशी बोलंनात."

"काय सांगितलं त्यानं?"

"मला ठाव न्हाय. कोठाराचं समदं कृष्णातच बघतो. मामंजी तिकडं फिरकतसुदिक न्हाईत, त्यांना बघवत न्हाय."

"काय बघवत नाही?"

दीपानं खांदे उडवले. "ते मी कवा इचारलं न्हाय."

अक्कांनी ताटातला शेवटचा घास संपवला, पाणी प्यायल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "आदिती, चल. वर जाऊ."

४

"अक्का, अण्णांच्या घरी राहू या ना," मी जिन्यातच म्हटलं. "ज्यानं केलं तो इथंच आहे. तुम्हालाही करील."

"दादा संध्याकाळी जे करत होते तेच मला करून बघायचंय. त्याशिवाय कळणार नाही. तू बाहेर थांब हवं तर."

बाहेर एकटं थांबायची मला जास्त भीती वाटली. मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

खोली ठेंगणी. फरशी धुतलेली, धुपाचा वास. आणि धुपाच्या खाली दुसरा एक वास, उग्र, दबा धरून बसल्यासारखा. खाटेच्या उशाला ग्रंथांची लाकडी पेटी. दिव्याखाली एक पाल पडली होती, पोट वर करून. भिंतीच्या कडेनं दारापासून पेटीपर्यंत मुंग्यांची रांग होती, पण ती रांग चालत नव्हती. मी वाकून बघितलं. एकही मुंगी हलत नव्हती.

"अक्का."

"बघितलं मी." त्या तांब्या उलटापालटा करत होत्या. तांबं आतून बाहेरून सारखंच काळवंडलं होतं, जणू कुणी नुसती फुंकर घालून काळं केलं. "काही लावलं असतं तर डाग पडले असते, ओघळ आले असते. मीनाबाई खरं बोलतेय."

त्यांनी एकेक करून खिडक्या लावल्या. फटींतलं कापड नीट दाबलं. दिवा लावला. मग हात धुऊन पाटावर बसल्या आणि पेटीचं झाकण उचललं.

तो वास उसळून वर आला. सडक्या लसणाचा, माशाचा, कशाचा तरी. माझ्या कानांत घणघण सुरू झाली, भिंत एका बाजूला कलल्यासारखी वाटली. आता आपण पडणार आणि दादांसारखे उघड्या डोळ्यांनी पडून राहणार, एवढंच मला कळत होतं. अक्कांचे डोळे मोठे झालेले दिसले.

"श्वास घेऊ नको," त्या म्हणाल्या. "उठ."

माझे पाय उठेनात. त्यांनी माझ्या काखेत हात घातला, दाराला लाथ मारली आणि मला ओढत गच्चीवर आणलं. मी पालथी पडून हवा घेत राहिले. अक्का भिंतीला टेकून खोकत होत्या आणि खोकता खोकताच फोन लावत होत्या.

"डॉक्टर, दादांना खाण्यातून काही झालेलं नाही. धान्यात टाकायच्या गोळ्या असतात ना, किडीच्या, त्यांचा गॅस. हो, बंद खोलीत. हो, लसणासारखाच वास." त्या ऐकत राहिल्या. मग डोळे मिटले. "ते म्हणतात, हृदयावर लक्ष ठेवायला हवं होतं, आत्तापासून ठेवतो. वेळ गेलेली नाही."

"तुम्हाला कसं कळलं?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"माझ्या माहेरी मुरगूडला धान्याचं गोदाम होतं. गोळ्या टाकलेल्या खोलीशेजारी एक हमाल झोपला, तो सकाळी उठला नाही. त्या खोलीला हाच वास होता. लसणाचा नव्हे, लसणासारखा."

आरडाओरडा ऐकून हंबीरराव आणि पारस धावत वर आले. अक्कांनी त्यांना तोंडाला फडकं बांधायला लावलं, पेटी गच्चीवर ओढायला सांगितली आणि पाणी अजिबात मारू नका, पाण्यानं गॅस वाढतो, म्हणून बजावलं. ग्रंथ एकेक करून बाहेर निघाले. तळाशी, कोपऱ्यात, एक पुरचुंडी होती. पांढरं मलमल, ग्रंथांना गुंडाळतात ते. वर नीट पसरलेला कडुनिंबाचा पाला. ग्रंथाच्याच दोऱ्यानं बांधलेली, गाठ सुबक. हंबीररावांनी काठीनं ती उलगडली. आत करडी राख आणि भुगा होत आलेल्या गोळ्यांचे तुकडे.

"बघा, म्हणजे इख ठेवणारा सापडला की लटकला," हंबीरराव म्हणाले. "मारायलाच ठेवलं हुतं."

"नाही," अक्का त्या गाठीकडं बघत म्हणाल्या. "हे मारायला ठेवलेलं नाही. वाचवायला ठेवलेलं आहे."

खाली आरतीची घंटा वाजली.

५

सभामंडप भरला होता. पंच पुढच्या रांगेत बसले होते, अण्णा मधोमध, पांढऱ्या उपरण्यात. फाटकाच्या पायरीवर मीनाबाई, त्यांच्यामागं हवालदारांची खुर्ची. माझी बोटं पेटीच्या पट्ट्यांवर नीट पडत नव्हती. समोर बसलेल्यांत तो माणूस आहे, आणि तो आपल्याकडं बघतोय, एवढंच डोक्यात होतं.

अक्कांनी झांज घेतली, नमन म्हटलं, आणि आवाज लागला. काय सांगू, इतक्या भीतीतही माझे डोळे भरून आले. तो सूर जिथं पडतो तिथं माणूस ताठ बसूच शकत नाही.

"पर्वाचा एकेक दिवस एकेका गुणाचा, आणि आज उत्तम सत्याचा दिवस," त्या म्हणाल्या. "रोज मी पूर्वरंगात तत्त्व सांगते आणि उत्तररंगात पुराणातली कथा. आज कथा याच मंदिरातली.

"मी वर्गात शिकवते, डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे. आपण सगळ्यांनी तसंच अनुमान केलं. वास लसणाचा, म्हणून लसूण. लसूण कुणाकडं? मीनाबाईकडं. पण मंडळी, मला सांगा, तुमच्यापैकी कुणी जन्मात लसूण सोलला आहे?"

मंडपात चुळबूळ झाली. कुणीतरी दबक्या आवाजात हसलं.

"नाही ना? मग लसणाचा वास आणि लसणासारखा वास, यातला भेद तुम्हाला कळणार कसा? दुसऱ्या गावात कुणी म्हणालं असतं, हा कसला वास आहे, बाहेर पळा. आपण म्हणालो, विटाळ झाला, खोली धुवा, दार लावा. त्या वासानं पाल मेली, मुंग्या मेल्या, तांबं काळं पडलं, आणि आपला पंडित मरणाच्या दारात आहे. तो वास धान्यातली कीड मारायच्या गोळ्यांचा होता. गोळ्या ग्रंथांच्या पेटीत होत्या. आणि आपले पंडित पाखरं मरू नयेत म्हणून खिडक्या घट्ट लावून वाचत बसले होते."

पुढच्या रांगेतले पंच एकमेकांकडं बघायला लागले.

"पेटीला तिघंच हात लावतात. त्यातले एक दवाखान्यात आहेत." अक्कांनी आवाज खाली आणला, आणि मी पेटीवर नुसता षड्ज धरून ठेवला. "उरले दोघे. पुरचुंडी अशी प्रेमानं बांधलेली, वर पाला असा पसरलेला, की मला कळलं, हा वैरी नाही. ग्रंथांवर जीव असलेला माणूस आहे. दोघांचाही जीव आहे. पण काल संध्याकाळनंतर ज्याच्याकडं किल्ली होती, त्याला पेटीत काय आहे ते माहीत असतं तर त्यानं सगळे झोपल्यावर ती पुरचुंडी काढून नाहीशी केली असती. ती तशीच राहिली. म्हणजे किल्लीवाल्याला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्याच्याकडं किल्ली नव्हती."

पारसनी हळूच मान वळवली आणि अण्णांकडं बघितलं. पण अक्कांनी बघितलं नाही. त्या मंडपाच्या छताकडं बघत होत्या.

"आणखी एक. मी आज आले तेव्हा या गावातल्या एका व्रती माणसानं मला सांगितलं, दिवा लावलात तरी खिडक्या उघड्या ठेवा. ज्या माणसानं आयुष्यभर उघड्या खिडकीवरून गावाला रागे भरलं, त्यानं. मंडळी, त्या एका वाक्यात त्यानं माझा जीव वाचवायचा प्रयत्न केला. आपलं व्रत मोडून केला. म्हणून मी त्याचं नाव घेणार नाही. आज सत्याचा दिवस आहे. नाव त्यानं घ्यावं."

आणि त्यांनी पद उचललं. सोपं, दोन ओळींचं, कीर्तनात नेहमी म्हणतात तसं. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा मंडपातल्या बायका त्यांच्यात मिसळल्या. मला वाटत होतं, आता काहीच होणार नाही. पद संपेल, पंच उठतील, फाटकापाशी जातील आणि मीनाबाईचं नाव घेतील.

महावीरअण्णा उठले. शेजारच्यानं हात दिला तो त्यांनी बाजूला केला.

"थांबवा अक्का," ते म्हणाले. "मी ठेवली."

पेटीवरचे माझे हात आपोआप उचलले गेले.

"आजोबांच्या ग्रंथाला कीड लागलीती. कडुनिंबानं जाईना. ग्रंथ कोल्हापूरला नेले तर परत येणार न्हाईत, असं वाटलं. आमच्या कोठारात कृष्णात कसल्या गोळ्या टाकतो ते ठाव होतं. कवा बघितलं न्हवतं. जीव मारायचं काम, म्हणून मी तिकडं तोंड फिरवायचो, आणि वर्षभर किडीशिवायचं धान्य खायचो." ते थांबले, श्वास घेतला. "काल दुपारी पंडितजी सूत्र वाचायला खाली आल्यावर, उपासाच्या अंगानं, ह्या हातांनी ठेवली. माणूस मरतो ह्यानं, हे मला खरंच ठाव न्हवतं. कवा बघितलंच न्हवतं. आज सकाळी कृष्णात आला, म्हणाला, अण्णा, गोळ्यांचा डबा हलका कसा, आणि लसणागत वास आला की लांब पळायचं बरं का. तवा कळलं."

"मग सकाळीच का न्हाय बोललात?" मागून कुणी तरी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता.

"उपास चालू हाय माझा," अण्णा म्हणाले. "मिरवणूक ठरलीया. मंदिरात, पर्वात, महावीर चौगुल्यानं किडे मारले, हे तोंडातनं निघंना. तवर लोकांनी मीनाबाईचं नाव घेतलं. मी गप बसलो."

दीपा बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. अण्णा मंडपातून चालत निघाले. लोक बाजूला सरकत होते, नेहमी सरकतात तसे, पण या वेळी कुणी पायांकडं वाकत नव्हतं. फाटकापाशी जाऊन त्यांनी मीनाबाईंपुढं हात जोडले.

"बाई, क्षमा करा."

मीनाबाई बसल्या जागेवरून त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"त्ये नंतर बघू, अण्णा," त्या म्हणाल्या. "आधी ह्या हवालदाराच्या कागदावर काय लिवायचं ते सांगा. माझ्या अक्षताला उद्या कुणी इचारलं तर दाखवाय पायजे."

अण्णा खाली पायरीवर बसले आणि हंबीररावांना सगळं सांगत गेले. हंबीरराव लिहीत होते. मध्येच त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, टोपी मागं सरकवली.

"दवाखान्यातनं. पंडितजी शुद्धीवर आलेत. नर्स पाणी देत हुती तर म्हणाले, सूर्य मावळला, नको."

मंडपात कुणीतरी हसलं आणि रडलंही. मी दोन्ही केलं. पंच मात्र हसले नाहीत. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ अक्कांना म्हणाले, "कीर्तन आता पुरं करा अक्का. अर्धं ठेवून उठायचं नसतंय."

"खरंय," अक्का म्हणाल्या. "आदिती, पेटी घे."

त्या वेदिकेकडं वळल्या नाहीत. झांज हातात घेऊन मंडपातून चालत निघाल्या, फाटकापाशी आल्या आणि मीनाबाईंच्या शेजारी, पायरीवर उभ्या राहिल्या. मी पेटी पोटाशी धरून मागं. लोक गोंधळले. वेदिकेसमोर बसलेल्या पंचांना कीर्तन ऐकायचं तर आता उठून, सतरंजी उचलून, फाटकाकडं तोंड करून बसावं लागणार होतं.  मग पारस उठले, त्यांनी सतरंजीचं एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला बायका उठल्या. सगळ्यांत शेवटी पंच उठले.

अक्कांनी सूर लावला.

"अक्का," मीनाबाई हळूच म्हणाल्या, "मला घरी जाऊन भाकरी थापायच्या हायत. लांबवू नका."

"नाही लांबवत."

"बरं, म्हणा मग." त्यांनी पदर सावरला आणि मांडी घातली.